ऑइलचा लाल दिवा लागला? पंपाला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात जांबोटीवरून फोन आला. "मिस्त्री, ऑइलचा दिवा लागलाय, पण गाडी मस्त पळतेय. बेळगावपर्यंत येऊ काय हळूहळू?" म्हटलं, "आधी इंजिन बंद करा, मग बोला." पण दिवा लागला होता कणकुंबीला, म्हणजे व्हायचं ते होऊन गेलं होतं. टोचन लावून गाडी आणली, चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, खोललं. बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या, बेअरिंगवरचा राखाडी थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. क्रँकवर, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, नख फिरवलं तर अडकत होतं.

आणि इंजिनात ऑइल फिरवणारा पंप? ठणठणीत. डिपस्टिकवर ऑइलही बरोबर. चोर्ल्याच्या वाटेवर दगडाला चेंबर आपटलं होतं. खाली वाकून बघितलं, गळत नाही, म्हणून गाडी पुढं हाणली. पण चेंबरचा पत्रा आत दबून ऑइल ओढणाऱ्या जाळीला जाऊन भिडला होता. उसाच्या रसाची नळी ग्लासच्या तळाला टेकवून ओढून बघा, रस येतो का. तसंच. चेंबरला दणका बसला आणि गळत नसलं, तरी पोचा किती आत गेलाय ते गॅरेजात बघूनच घ्या. ऊस-हंगामात निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांमागं ठेवलेले दगड तसेच राहतात. रात्री ते दिसत नाहीत.

दिव्याचा अर्थच चुकीचा लावतात

बहुतेक जण समजतात की तेलाच्या किटलीचं चित्र लागलं म्हणजे ऑइल कमी झालं, लिटरभर ओतलं की झालं. तो दिवा प्रेशरचा आहे. गरम इंजिन आयडलिंगला असताना साधारण 1 बारच्या आसपास प्रेशर असतं, रेस दिल्यावर 3 ते 5 बार. पुष्कळ गाड्यांत दिव्याचा स्विच 0.3 ते 0.5 बारच्या खाली गेल्यावरच लागतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा सगळं जवळजवळ संपलेलं असतं. "पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ" एवढीसुद्धा सवड नसते. टर्बो असेल तर आधी तोच जातो, कारण त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तरंगतो याच ऑइलवर.

पंप प्रेशर बनवत नाही

हे एवढं कळलं तर अर्धे खर्च वाचतील. पंप फक्त ऑइल ढकलतो. आजच्या बऱ्याच गाड्यांत रोटरचा पंप असतो: बाहेरच्या रिंगेपेक्षा आतल्या रोटरला एक दात कमी. फिरताना एका बाजूला दातांमधली जागा वाढते, तिथं ऑइल ओढलं जातं. दुसऱ्या बाजूला ती आवळते, तिथून ऑइल फिल्टरकडं जातं. पुढं बेअरिंगच्या बारीक फटींतून जाताना त्याला अडथळा होतो, आणि त्या अडथळ्यातून प्रेशर तयार होतं. बेअरिंग झिजून फटी वाढल्या की नवाकोरा पंपही काही करू शकत नाही. उलट प्रेशर जास्त झालं तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑइल मागं सोडतो. कचरा अडकून हा व्हॉल्व्ह उघडाच राहिला, तर दोष पुन्हा पंपावर येतो.

म्हणून प्रेशर मोजायचा गेज लावल्याशिवाय पंप बदलू नका. स्विच काढून त्याच भोकात गेज बसवायचा, इंजिन गरम करायचं, आयडलिंगला आणि 2000–3000 आरपीएमला आकडा बघायचा, मॅन्युअलशी ताडायचा. गेजवर प्रेशर ठीक आणि दिवा मात्र चालू? स्विच किंवा वायर. बऱ्याचदा काम तिथंच संपतं. गरम झाल्यावर आयडलिंगला दिवा लुकलुकतो आणि रेस दिली की जातो? ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलीत. रेस वाढवली की प्रेशर वाढायच्या ऐवजी पडतंय? जाळी चोंदलीय किंवा ओढणाऱ्या पाइपच्या ओ-रिंगमधून (सांध्यातल्या रबरी रिंगेतून) हवा जातेय. आमचा कन्नड पोरगा गेजकडं बघून "प्रेशर इल्ला री", म्हणजे प्रेशर नाही हो, म्हणाला की मी आधी हेच विचारतो: रेसला वर जातं का खाली?

'वीस-पन्नास घाला'चा सल्ला

दिवा घालवायला 20W-50 सारखं जाड ऑइल घालायचा सल्ला आपल्याकडं चौकाचौकात फुकट मिळतो. दिवा जातोही. पण तो थर्मामीटर फोडून ताप उतरवल्यासारखा. जाड ऑइल सकाळी थंड इंजिनात वर चढायला वेळ घेतं, आणि नव्या इंजिनांतल्या फटी पातळ ऑइलसाठीच ठेवलेल्या असतात. जुनी गाडी विकायला काढलेले लोक ही युक्ती करतात. सेकंडहँड गाडी घेताना ती चांगली गरम करून आयडलिंगला दिव्याकडं बघा.

ऑइल खुणेच्या वर भरणंही तितकंच वाईट. क्रँक ते घुसळतो, ताक घुसळावं तसा फेस होतो आणि पंपाच्या तोंडाशी ऑइलऐवजी बुडबुडे येतात.

आता गॅरेजवाल्यांची, म्हणजे आमचीच, चूक. चेंबर बसवताना सांधा बंद करणारं सिलिकॉन सढळ हातानं लावायचं. बाहेर आलेलं आपण पुसतो, पण तेवढंच आतही आलेलं असतं. ते शेवयांसारखं सुटतं आणि जाळीवर जाऊन बसतं. मीही एकदा हे केलंय. महिन्याभरानं तीच गाडी परत आली, तेव्हा जाळीवरून चिमटीनं तुकडे उपसले. तेव्हापासून बारीक, सलग एकच रेघ, आणि बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूनं.

पंप खरंच गेला असेल, रोटरवर चरे असतील, तर बदला. पण नवा पंप कोरडा बसवू नका. कोरडा पंप ऑइल ओढू शकत नाही, हवाच घुसळत राहतो. आधी आत इंजिन ऑइल ओतून हातानं फिरवा. ग्रीस भरू नका, ते बारीक वाटांत अडकतं. ओ-रिंग नवीच घाला. मग इंधन पंपाचा फ्यूज काढून थोडं थोडं थांबत स्टार्टर मारा, म्हणजे इंजिन सुरू न होता नुसतं फिरेल. दिवा विझला की फ्यूज लावा आणि मगच गाडी सुरू करा.