प्रीसीझनमध्ये संघ मार खातोय? स्कोअर सगळ्यात शेवटी बघा

जुलैत आपला फुटबॉल संघ ओळीने दोन-तीन फ्रेंडली (सीझनआधीचे सराव सामने) हरला की ग्रुपवर लगेच कोचला नारळ द्यायची भाषा सुरू होते. त्याआधी तासभर काढून पुढचा हिशोब करा.

पहिलं काम म्हणजे टीमशीट, म्हणजे सामन्यात उतरलेल्या खेळाडूंची यादी. नेहमीच्या अकरांपैकी कोण किती मिनिटं खेळलं ते लिहून काढा. 2019 चं लिव्हरपूल, म्हणजे इंग्लंडमधला क्लब, बघा. अमेरिका दौऱ्यात डॉर्टमुंडकडून 2-3, सेव्हियाकडून 1-2, स्पोर्टिंगशी 2-2 आणि नंतर एडिनबर्गला नापोलीकडून 0-3. चार सामन्यांत विजय शून्य, वर क्लब मोठी खरेदीही करेना. पोस्टमध्ये आग होती. पण सालाह, माने, फिर्मिनो आणि अ‍ॅलिसन त्या चारही सामन्यांत नव्हते. आफ्रिका कप आणि कोपा अमेरिका खेळून ते सुट्टीवर गेले होते. पुढची तिन्ही माणसं आणि गोलकीपर नसताना संघाची परीक्षा कसली घेणार? त्याच संघाने लीगमधल्या पहिल्या 27 सामन्यांपैकी 26 जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि 99 गुणांनी विजेतेपद घेतलं.

मग गोल कोणत्या मिनिटाला खाल्ले ते बघा. फ्रेंडलीत तासाभराने सात-आठ खेळाडू एकदम बदलतात, त्यामुळे 60 व्या मिनिटानंतरचे गोल वेगळ्या रकान्यात टाका. या काळात दिवसाला दोन-दोन सराव सत्रं चालतात, पाय जड झालेले असतात. पहिला टच लांब जातो, प्रेस (बॉल हिसकावायला समोरच्यावर धावून जाणं) अर्धं पाऊल उशिरा पोचतो. त्यावरून फिटनेसची बोंब मारण्यात अर्थ नाही.

खरी माहिती मिळते ती गोल कसा पडला यातून. हायलाइट्समध्ये शेवटचा शॉटच दिसतो, म्हणून पूर्ण रिप्ले काढा आणि गोलच्या दहा-पंधरा सेकंद आधीपासून बघा. बॉल कुठे गेला? कोण जागेवर नव्हता? अकादमीतल्या पोराने बॅकपास चुकवला असेल तर सोडून द्या. पण फुलबॅक (कडेचा बचावपटू) वर गेल्यावर त्याच्या मागची जागा तीन सामन्यांत तशीच उघडी पडत असेल आणि खेळणारे नेहमीचेच असतील, तर दोष आखणीत आहे. तो आपोआप जात नाही.

काळजी कधी करायची? 2022 च्या चेल्सीसारखं चित्र असेल तेव्हा. रुडिगर आणि क्रिस्टेन्सन हे दोन्ही बचावपटू करार संपून फुकटात दुसरीकडे गेलेले, त्यामुळे बचावाच्या मध्यभागी खिंडार. ऑर्लँडोत आर्सेनलकडून 0-4 हार, आणि त्यानंतर कोच टुखेलने स्वतःच उघडपणे नाराजी बोलून दाखवली. कोच सहसा अशा वेळी ‘अजून तयारी चालू आहे’ म्हणून वेळ मारून नेतो, तो असं बोलला की कान टवकारा. 7 सप्टेंबरला टुखेलची हकालपट्टी झाली, सीझनअखेर संघ बाराव्या क्रमांकावर राहिला.

मोठ्या विजयालाही हीच चाळणी लावा. त्याच जुलैत बँकॉकमध्ये मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला 4-0 हरवलं, पण लीगच्या दुसऱ्याच सामन्यात ब्रेंटफर्डकडून 0-4 खाल्ले.

सगळ्यात जास्त वजन शेवटच्या फ्रेंडलीला द्या, विशेषतः ती सीझनच्या आठवडाभर आधी असेल तर. तिथे उतरणारे अकरा साधारण पहिल्या सामन्याचेच असतात. त्यातही एखादी जागा रिकामी दिसली, तर ट्रान्सफर विंडो (खेळाडू खरेदी-विक्रीची मुदत) कधी बंद होते ती तारीख बघा आणि मग खुशाल ओरडा.