पदवीचा विषय कुठे आडवा येतो, कुठे नाही

बारावीचा निकाल लागला की नात्यातली, गावाकडची मुलं मला फोन करतात. प्रश्न ठरलेला: ‘ताई, कुठला विषय घेतला की नोकरी लागते?’ मी इतिहास घेऊन बीए केलं आणि आज सरकारी बँकेत अधिकारी आहे. त्यामुळे ‘विषयाने काही बिघडत नाही गं’ असं माझ्याकडून ऐकायला मिळेल, अशी त्यांची अपेक्षा असते. तसं मी सांगत नाही. विषयाने फरक पडतो, पण सगळीकडे नाही. कुठे पडतो ते बहुतेकांना पदवी हातात आल्यावर, जाहिरात वाचताना कळतं. तीच जाहिरात तीन वर्षं आधी वाचा. त्यातला ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना शब्द न शब्द वाचा.

ज्या जाहिरातींत ‘कोणत्याही शाखेची पदवी’ असं लिहिलेलं असतं, तिथे त्याचा अर्थ खरोखर तेवढाच असतो. आयबीपीएस (सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था) हिची पीओ म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर आणि क्लार्कची भरती, एमपीएससीची राज्यसेवा, यूपीएससीची नागरी सेवा, तलाठी भरती, या सगळ्यांना बीए चालतं, बीकॉम चालतं, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेली मुलं अर्ज भरतानाच कचरतात, याचं मला फार वाईट वाटतं. कचरू नका, ती पदवी पूर्ण मान्यताप्राप्त आहे.

पण दार सगळ्यांना उघडं असलं की गर्दीही सगळ्यांची होते. पीओच्या पूर्वपरीक्षेला इंग्रजी, गणित आणि रिझनिंग असतं. इतिहासाचा एक प्रश्न नसतो आणि शेजारच्या खुर्चीवर इंजिनिअर बसलेला असतो. कला शाखेच्या मुलांचं गणित दहावीनंतर सुटलेलं असतं, तिथे ती मागे पडतात. म्हणून बीए करणाऱ्यांना माझा आग्रह आहे की, दुसऱ्या वर्षापासूनच रोज तासभर शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, तक्त्यांवरची गणितं सोडवा. पदवीनंतर पुण्यात खोली घेऊन क्लास लावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

आणि आपला विषय अगदीच बाजूला पडतो असंही नाही. माझ्या मुलाखतीत सुरुवातच विषयापासून झाली. सातारा जिल्हा आणि इतिहास, हे अर्जात दिसल्यावर पहिला प्रश्न आला प्रतिसरकारचा: ते कुठल्या भागात होतं, नाना पाटलांची भूमिका काय, लोकन्यायालयं कशी चालत? त्यावरून गाडी १९६९च्या बँक राष्ट्रीयीकरणावर आली. त्या जुलैमध्ये १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्या, त्या का घेतल्या हे मला नीट मांडता आलं. पॅनेलला इतिहासाची पदवी खटकत नव्हती. तीन वर्षं जे शिकलो म्हणतो ते खरंच येतं का, हे त्यांना बघायचं होतं. ‘बीए काय, असंच केलं’ असं म्हणणारा उमेदवार तिथे पडतो.

आता जिथे विषयच लागतो ती बाजू. त्याच आयबीपीएसची स्पेशालिस्ट ऑफिसरची जाहिरात काढून बघा. कृषी क्षेत्र अधिकारी व्हायचं तर कृषी, फलोत्पादन, पशुवैद्यक, दुग्धशास्त्र अशा शाखांची चार वर्षांची पदवी हवी. लॉ ऑफिसरला कायद्याची पदवी हवी. राजभाषा अधिकाऱ्याला हिंदीत एमए लागतं (संस्कृतमधलंही चालतं, पण मग पदवीला हिंदी हवी), शिवाय पदवीला इंग्रजी हा विषय असावा लागतो. हिंदीची आवड असलेल्या मुलांनी एवढं एक लक्षात ठेवा. इंग्रजी नको म्हणून टाळायची सोय असली तरी टाळू नका, गुणपत्रिकेवर ते दिसलं पाहिजे.

ही अट उगाच ठेवलेली नाही, हे मी शाखेत बसून पाहिलं. माझी पोस्टिंग द्राक्षपट्ट्यात होती. बागेसाठी कर्ज मागायला शेतकरी आला की मी सातबारा, आठ-अ, जुनी थकबाकी बघायची. माझा राहुरीहून कृषी पदवी घेतलेला सहकारी मात्र आधी विचारायचा, ‘दादा, खरड छाटणी कधी घेतली? काडी कशी तयार झालीय?’ एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल, या वेळापत्रकावरून हातात पैसा कधी येणार हे तो तिथल्या तिथे सांगायचा आणि हप्ता त्या बेताने बसवायचा. ऐन छाटणीत हप्ता आला की चांगल्या शेतकऱ्याचाही हप्ता थकतो. मीही हे पुढे शिकले, पण त्याला विचारून विचारून.

बँकेबाहेरही असंच आहे. औषध कारखान्यात उत्पादनाची देखरेख ज्याच्या नावावर मंजूर होते, त्या माणसासाठी औषध नियमावलीत पात्रता लिहिलेली आहे: फार्मसीची पदवी, किंवा मुख्य विषय रसायनशास्त्र असलेली विज्ञानाची पदवी आणि ठरावीक अनुभव. वनस्पतिशास्त्रात कितीही चांगले गुण मिळवा, त्या मंजुरीसाठी ते उपयोगी पडत नाहीत. उलट यूपीएससीच्या भारतीय वनसेवेला तेच वनस्पतिशास्त्र चालतं आणि माझा इतिहास चालत नाही. केंद्र सरकारच्या कार्यालयांत भरती करणाऱ्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल या पदवीधरांच्या परीक्षेत बहुतेक पदांना कुठलीही पदवी पुरते. पण ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसरसाठी बारावीला गणितात ६० टक्के किंवा पदवीला संख्याशास्त्र लागतं. शिक्षक व्हायचं असेल तर शाळेत शिकवला जाणारा विषय पदवीला असलेला बरा. मानसशास्त्र मला स्वतःला सुंदर विषय वाटतो, पण बीएडला अध्यापन विषय निवडताना त्याचे विद्यार्थी अडतात.

खासगी नोकऱ्यांत रेषा इतकी पक्की नसते. हिंजवडीत मेकॅनिकल झालेली मुलं कोड लिहितात, हे आता कुणाला नवल राहिलेलं नाही. विप्रो बीसीए, बीएस्सीवाल्यांना घेऊन नोकरीसोबत एमटेक करवते, पण त्यातही बीएला जागा नाही. पहिल्या नोकरीला विषय विचारतात, दुसऱ्या नोकरीला काय काम केलं ते विचारतात.

विषय घेऊन झाला असेल आणि आता मन दुसरीकडे ओढत असेल तर वाटा आहेत. तीन वर्षांचं एलएलबी कुठल्याही पदवीवर करता येतं, एमबीएही. सीएला पदवीनंतर थेट इंटरमीजिएटला जाता येतं. त्यासाठी वाणिज्यवाल्यांना ५५ आणि इतरांना ६० टक्के लागतात. मी नोकरीत लागल्यावर जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांसाठीची परीक्षा दिली. तिच्यातला अकाउंटिंगचा पेपर बीकॉम झालेल्यांनी सहज काढला, मला डेबिट-क्रेडिटपासून सुरुवात करावी लागली. वेळ जास्त लागला, पण पेपर सुटला.

टक्केवारीकडे मात्र दुर्लक्ष नको. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी जनरल या अधिकारीपदाच्या जागांना विषय कुठलाही चालतो, पण खुल्या गटाला पदवीत ६० टक्के, नाहीतर पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात. पदवीत ५८ टक्क्यांवर थांबलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. पीओला याच मुलांना अडचण नाही, कारण तिथे टक्क्यांची अट नाही.

शेवटच्या वर्षाला असाल तर निकालाची तारीख बघून अर्ज करा. राज्यसेवा आणि नागरी सेवेची पूर्वपरीक्षा शेवटच्या वर्षात असताना देता येते. आयबीपीएसला मात्र जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत पदवीचा निकाल लागलेला असावा लागतो. एखाद्या विषयात एटीकेटी राहिली तर ते वर्ष गेलं. तेव्हा बँकेचा अभ्यास जोरात चालू असला तरी सहाव्या सेमिस्टरचे पेपर आधी काढा.