शाळेत बसून पोरांच्या घरचं आरोग्य कव्हर कसं शोधायचं

जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असते तेव्हाच हे काम उरकून घ्या, कारण त्या दिवसांत पालक स्वतः पायरीवर येऊन बसलेले असतात, हातात पिशवी असते आणि पिशवीत सगळे कागद असतात. एकदा का ऑगस्ट उजाडला की तेच कागद मागायला तुम्हाला तीन चकरा माराव्या लागतात.

मी झेडपी शाळेवर शिक्षक आहे, एमआयडीसीच्या कडेला. निम्मी पोरं बाहेरगावची, कुणाचे वडील कंपनीत हेल्पर, कुणाचे बांधकामावर, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते. दवाखान्याचं काही कार्ड आहे का विचारलं की सगळे सरळ नाही म्हणतात. आणि त्यातल्या बऱ्याच जणांना खरं तर कव्हर, म्हणजे योजनेतनं मोफत उपचारांची सोय, असतं, फक्त त्यांना माहीत नसतं किंवा पोराचं नावच कागदावर चढलेलं नसतं. त्यामुळं शाळेनं नवा विमा बिमा काढून द्यायचा नाहीये, आहे तो हुडकून द्यायचाय.

सुरुवात रेशनकार्डापासून करा. आधार सगळ्यांना सुचतं, रेशनकार्ड कुणाला सुचत नाही, आणि महाराष्ट्रात सगळं तिथंच अडतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आधी पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना होती, आता जुलै २०२४ पासून पांढरं कार्डवाल्यांनाही लागू झालीय, म्हणजे राज्यातलं जवळपास कुठलंही कुटुंब त्यात बसतं. केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडलेली आहे. वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत, कॅशलेस, हप्ता शून्य. इथं एक लक्षात ठेवा, हे ५ लाख सगळ्या घराला मिळून असतात, माणशी नाही. पालक हमखास घोळ घालतात यात.

तर रेशनकार्ड हातात घेऊन दोनच गोष्टी बघायच्या. एक, १२ अंकी ऑनलाइन नंबर पडलाय का. दोन, तुमच्या वर्गातल्या पोराचं नाव त्यावर आहे का. ही दुसरी गोष्ट फार पोळते हो. कार्ड लग्नानंतर काढलेलं असतं, पोरं नंतर झालेली असतात, धान्य तर मिळतंय मग नाव कोण चढवायला जातंय. आमच्याकडं चौथीतला एक पोरगा जांभळाच्या झाडावरून पडला, हात मोडला, ऑपरेशन करून रॉड टाकायचा होता आणि कार्डावर आई बाप आजी तिघांची नावं, पोराचं नाहीच. शेवटी आईनं डोरलं गहाण ठेवलं. तेव्हापासून मी हजेरीच्या वहीत एक जादा रकाना आखलाय, "रे. का. नाव", आणि समोर हो किंवा नाही. नाव चढवायला तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज, सोबत जन्मदाखला आणि आधार. आठवडाभरात होईल असं पालकांना सांगू नका, होत नाही, आणि मग ते तुमच्यावरच चिडतात.

आधारचं निम्मं काम शाळेनं आधीच केलेलं असतं. यूडायस (शाळेतल्या पोरांची सरकारी ऑनलाइन नोंद) भरताना कुणाचं आधार जुळत नाही, कुणाची जन्मतारीख चुकलीय, कुणाच्या नावात काना जास्त पडलाय ही यादी मुख्याध्यापकांकडं असतेच, तीच यादी इथं वापरा ना. ५ व्या आणि १५ व्या वर्षी बायोमेट्रिक अपडेट करावं लागतं, ते राहिलं असेल तर पुढं केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, अडकते.

आता दवाखान्यात दाखवायचं आयुष्मान कार्ड काढणं. आयुष्मान अॅप डाउनलोड करायचं, लाभार्थी म्हणून मोबाइल नंबर टाकून लॉगिन, मग राज्य, योजना, जिल्हा निवडून आधार नंबर किंवा नावानं शोधायचं. घरातल्या सगळ्यांची यादी येते आणि कुणाचं कार्ड झालंय कुणाचं नाही ते शेजारीच दिसतं. राहिलेल्यांची ई-केवायसी करायची, ओटीपीनं किंवा बोटाच्या ठशानं किंवा चेहऱ्यानं. आमच्या भागात आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असणं हे अगदी नेहमीचं, सिम दर सहा महिन्याला बदलतात लोक, त्यामुळं चेहऱ्याचा पर्याय सोपा पडतो, उजेडात उभं करा म्हणजे झालं. आशाताईंना हे सगळं आपल्यापेक्षा जास्त जमतं, त्यांना पालकसभेच्या दिवशी बोलवा, चहा पाजा. आणि पालकांना निक्षून सांगा की ह्या कार्डासाठी पाचशे हजार मागणारा कुणी एजंट भेटला तर त्याला दारातनंच परत पाठवायचं.

एक कळकळीची विनंती. पोरांच्या आधारचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागवू नका. मी पहिल्या वर्षी तोच शहाणपणा केला होता, दीडशे जणांच्या ग्रुपवर सगळ्यांचे आधार, ओटीपीसुद्धा टाकला एका माउलीनं. ग्रुपवर फक्त निरोप टाका, मी असा टाकतो: "पालकांनो, शनिवारी सकाळी शाळेत येताना रेशनकार्ड, घरातल्या सगळ्यांचे आधार आणि चालू मोबाइल घेऊन या. दवाखान्याचं कार्ड मोफत काढून देणार आहोत. आजीआजोबा असतील तर त्यांनाही आणा." आजीआजोबा का, तर ७० च्या पुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऊसतोडीला आईबाप गेले की पोरं आजीकडंच असतात, आजी आजारी पडली की पोराची शाळा पहिली बुडते.

बाहेरच्या राज्यातल्या लोकांना आपण परस्पर "तुमचं इथं चालत नाही" सांगून मोकळं होतो, ते चूक आहे. यूपी बिहारचं आयुष्मान कार्ड इथल्या यादीतल्या हॉस्पिटलात चालतं, योजना लागू असलेल्या कुठल्याही राज्यात चालतं. तसंच बीडचं रेशनकार्ड असलेलं कुटुंब कोल्हापूरच्या कारखान्यावर असलं तरी फुले योजना त्यांना तिथंही लागू. आश्रमशाळेतल्या आणि अनाथालयातल्या पोरांसाठी तर योजनेत वेगळा गटच आहे.

मग ईएसआय, म्हणजे पगारातनं कापून घेतला जाणारा कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. याकडं शिक्षकांचं लक्षच जात नाही. ज्यांचे वडील किंवा आई कंपनीत ठेकेदाराकडं आहेत त्यांना पगाराची स्लिप आणायला सांगा. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि स्लिपवर ईएसआय कापलेलं दिसत असेल (पगाराच्या पाऊण टक्का असतं, छोटी रक्कम, नजरेतनं सुटते) तर अख्ख्या घराला उपचार मिळतात, साध्या तापापासून ऑपरेशनपर्यंत. फक्त पोरांची नावं त्यात नोंदवलेली पाहिजेत, ते ठेकेदाराच्या ऑफिसातनं करून घ्यावं लागतं. गेल्या वर्षी एका पालकाचे चार वर्षं पैसे कापले जात होते आणि त्यांना वाटायचं तो पीएफच आहे.

शाळेचं स्वतःचं म्हणावं असं एक हत्यार म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून चालू आहे, आपण त्याला नुसतं "आरोग्य तपासणी" म्हणतो. सरकारी आणि अनुदानित शाळेत वर्षातून एकदा पथक येतं. डॉक्टर येतात, वजनउंची होते, आपण ओळी लावतो, फोटो काढतो आणि विसरतो. पण तपासणीत काही निघालं तर पुढचे उपचार, अगदी हृदयाच्या छिद्राचं ऑपरेशनसुद्धा, मोफत होतात. गळती होते ती तपासणी ते तालुका ते जिल्हा ह्या प्रवासात. पथकानं चिठ्ठी दिली, पोरानं दप्तरात टाकली, दप्तर भिजलं, संपलं. म्हणून रेफर केलेल्या पोरांची यादी पथक जायच्या आधी वेगळी लिहून घ्या, पालकांना त्याच दिवशी फोन करा, पंधरा दिवसांनी परत विचारा. मजुरी बुडते म्हणून जात नसतील तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या कुणाला तरी सोबत पाठवा. समितीत पाऊण हिस्सा पालकच असतात, त्यांना ध्वजवंदनाशिवायही काम द्यावं की. विनाअनुदानित शाळेत हे पथक येत नाही, म्हणजे तिथं आरटीईतनं (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवर) गेलेली पोरं सुटतात, त्यांच्या पालकांनी स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठायचं.

अपघाताचं वेगळं आहे. राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान ही योजना १ ली ते १२ वीच्या पोरांसाठी आहे, अर्ज शाळेमार्फतच शिक्षणाधिकाऱ्यांकडं जातो, म्हणजे आपल्याला माहीत नसेल तर कुणालाच मिळणार नाही. २०२२ च्या निर्णयानुसार अपघाती मृत्यूला दीड लाख, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर १ लाख, एक गेला तर ७५ हजार, आणि ऑपरेशन लागलं तर झालेला खर्च १ लाखापर्यंत. जांभळावरनं पडलेल्या त्या पोराला हे लागू होतं, मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हॉस्पिटलची मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, पोलिसांकडची नोंद आणि पंचनामा असे कागद लागतात, म्हणून अपघात झाला की पहिल्याच दिवशी पालकांना सांगा, एकही पावती फेकू नका.

प्रत्यक्ष ॲडमिट व्हायची वेळ आली तर आधी फुले योजनेच्या १५५३८८ ला फोन करून जवळचं यादीतलं हॉस्पिटल कुठलं ते विचारून घ्या, आयुष्मानसाठी १४५५५. हॉस्पिटलात शिरल्यावर पैशाच्या काउंटरला न जाता आरोग्यमित्र (योजनेचे हॉस्पिटलातले मदतनीस) कुठं बसतात ते विचारायचं, ते नोंदणी करतात आणि मंजुरीला पाठवतात. कार्ड निघालेलं नसलं तरी रेशनकार्ड आणि ओळखपत्र दाखवून विचारायचं, लगेच परत फिरायचं नाही. डिस्चार्जनंतर दहा दिवसांची औषधंही पॅकेजमध्येच असतात. साध्या तापखोकल्याची ओपीडी ह्या योजनेत येत नाही, त्यासाठी सरकारी दवाखाना, आणि आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. कुणी "डिपॉझिट भरा, मग बघू" म्हणालं तर तिथंच उभं राहून १५५३८८ ला तक्रार करायची, नंबर घ्यायचा, आणि पालकाला एकट्याला हे बोलायला अवघड जात असेल तर फोन तुम्ही करा. सर बोलतायत म्हटलं की पलीकडचा आवाज जरा बदलतो, हे मी तीनदा तरी पाहिलंय.