डिपॉझिट परत करण्याआधी गादी उचलून बघा

नाशिकजवळ गिरणारे रस्त्यावर सासऱ्यांनी बांधलेला दोन बेडरूमचा बंगला आम्ही चार वर्षांपूर्वी वीकेंडसाठी भाड्याने द्यायला लागलो. आता २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ आलाय, त्यामुळे मखमलाबादपासून त्र्यंबक रस्त्यापर्यंत जो तो खोल्या रंगवून घेतोय. ओळखीतल्या नव्या होस्टचा, म्हणजे घर असं भाड्याने देणाऱ्याचा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, डिपॉझिट किती घ्यावं?" मीही तोच विचारत फिरले होते. आमचं भाडं शनिवारी नऊ हजार आणि डिपॉझिट पाच हजार. आकडा ठीकच होता. मी फसले ती दुसरीकडे, आणि ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

जुलैचा रविवार होता. मुंबईचे सहा मित्र सकाळी अकराला निघाले. साफसफाई करणाऱ्या मावशींनी ग्लास मोजले, टीव्ही लावून पाहिला, चादरी बदलल्या आणि फोनवर सांगितलं, "सगळं बरोबर आहे." मी ऑफिसच्या कामात होते, तिथूनच पाच हजार परत पाठवले. दीड वाजता ठाण्याचं एक कुटुंब आलं, आजी-आजोबांसह. ते सोमवारी गेले. मावशी बेड आवरताना म्हणाल्या, वास येतोय. गादी उचलली तर खालच्या बाजूला ताटाएवढा वाइनचा डाग. कुणीतरी गादी उलटी करून वर चादर घातली होती.

मी त्या कुटुंबाच्या डिपॉझिटमधून चार हजार कापले. आजोबांचा फोन आला, आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "आमच्यात कुणी दारूला शिवत नाही हो." मला वाटलं, सगळे असंच म्हणतात. संध्याकाळी त्यांच्या सुनेने एक व्हिडिओ पाठवला. घरात पाऊल टाकल्या टाकल्या काढलेला, मुलं बेडवर उड्या मारताहेत, कोपऱ्यातली चादर सरकलीय. आमच्या गादीला एकाच बाजूला जाड मऊ थर शिवलेला आहे आणि ती बाजू कायम वर असते. व्हिडिओत वर दिसत होती ती सपाट बाजू. म्हणजे ते आले तेव्हाच गादी उलटलेली होती.

पैसे लगेच परत केले, माफी मागितली. त्यांचा रिव्ह्यू तोवर पडला होता. आधीच्या मित्रांनी फोन उचलायचं बंद केलं. सोळा हजारांची गादी माझ्या खिशातून गेली. पण गादीपेक्षा मला लागलं ते हे, की मी एका वयस्कर माणसाला खोटं ठरवलं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथेच अडतं. दोन बुकिंगच्या मध्ये घर तुमच्या एकट्याच्या ताब्यात असतं, तेवढ्याच वेळात नुकसान कुणाचं ते ठरवता येतं. दुसरा पाहुणा आत शिरला की आधीच्याचा पुरावा पुसला गेला. मग पन्नास हजार डिपॉझिट असलं तरी ते कुणाकडून कापणार? मावशींची चूक नव्हती. दोन तासांत चादरी, बाथरूम, स्वयंपाकघर उरकायचं असेल तर बाई गादी उचलणार कधी? तो वेळ मी ठेवलाच नव्हता, चार पैसे जास्त मिळावेत म्हणून.

आता चेक-आउट अकराला, चेक-इन तीनला, कुणी कितीही गळ घातली तरी. पाहुणे सामान गाडीत भरत असतानाच मावशी व्हिडिओ काढतात. आधी गादी, चारही बाजूंनी उचलून. मग उशांचे अभ्रे काढून उशा, पडद्यामागची भिंत, गिझर, फ्लश, एसीचा रिमोट, शेवटी भांडी. व्हिडिओ मला येतो, मी तो पूर्ण पाहते आणि मगच पैसे सोडते. गाडी कसारा घाट उतरायच्या आत डिपॉझिट परत गेलेलं असतं. असाच व्हिडिओ चेक-इनच्या आधी काढून पाहुण्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, म्हणजे तारीख-वेळ दोघांकडे राहते. गादीला वॉटरप्रूफ कव्हर आजच घाला.

बुकिंगच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून येणाऱ्या बुकिंगचं गणित वेगळं आहे. एअरबीएनबीवर साध्या होस्टला पाहुण्याकडून वेगळं डिपॉझिट घेता येत नाही, दारात रोख मागणं तर नियमाविरुद्धच. तिथे नुकसान झालं तर चेक-आउटपासून १४ दिवसांत फोटो आणि बिलासह मागणी टाकायची. पाहुण्याला उत्तरासाठी २४ तास मिळतात. त्याने पैसे दिले नाहीत तर मग कंपनीकडे दाद मागायची. तिथेही पुरावा लागतोच, म्हणजे पुन्हा तोच मधला वेळ.

थेट फोनवरच्या बुकिंगला डिपॉझिट घ्या, पण यूपीआयवर आणि भाड्यापासून वेगळं. रोख घेऊच नका, असं माझं ठाम मत आहे. रोखीत किती दिले, किती परत मिळाले यावर दारात वाद होतात, आणि ते वाद मावशींना झेलावे लागतात. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तरी आपल्या खात्यात जमा दिसल्याशिवाय किल्ली द्यायची नाही.

कापायचं किती, यावर फार चुकीचे सल्ले फिरतात. दोन दिवसांचं वर्कशॉप घेणारे एक गुरू सांगत होते की "नियम मोडला, डिपॉझिट जप्त" असं लिहून टाका. असं करू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, तिच्या आत वाजवी भरपाईच मिळते. चार वर्षं वापरलेल्या गादीला नव्या गादीची किंमत लावता येणार नाही. मी मराठीत एक पान दरपत्रक केलंय: हरवलेली किल्ली ३००, टॉवेल ३५०, ग्लास ८०. ते बुकिंगच्या वेळीच पाठवते. नेटवरून उतरवलेला नऊ पानी इंग्रजी करार कुणी वाचत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर परत करायचं डिपॉझिट विक्रीत धरलं जात नाही, पण त्यातून भाड्याची थकबाकी वळती केली की ती रक्कम धरावी लागते. हे सीएला आधीच विचारा.

मला खरा उपयोग झाला तो पंचवटीत आयुष्यभर यात्रेकरूंना खोल्या देणाऱ्या एका काकांचा. ते म्हणाले, "डिपॉझिटचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव. ते आपले नाहीत, हात लावू नकोस." मी पहिल्या वर्षी ते वीजबिलात घातले होते आणि परत करताना धावपळ झाली होती.

घाबरून जाऊ नका मात्र. चार वर्षांत मी सहा वेळाच डिपॉझिट कापलंय, त्यातलं एकदा चुकीच्या माणसाचं. बहुतेक पाहुणे फुटलेला कप स्वतःहून दाखवतात. सिंहस्थात २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्टच्या अमृतस्नानाला (पूर्वीचं शाही स्नान) खोल्या एक मिनिटही रिकाम्या राहणार नाहीत, तेव्हा मोह होईल. एक गट गेला की दुसरा आत, असं बुकिंग त्या दिवसांत घेऊ नका. मी त्या दोन्ही तारखांच्या आसपास कॅलेंडरमध्ये मधले चार-चार तास आत्ताच बंद करून ठेवलेत, आणि मावशींच्या मदतीला त्यांच्या सुनेलाही सांगून ठेवलंय.