व्हॉट्सॲपवर आलेला लोगो ट्रेस करण्याआधी

सोलापुरात शाळेचा गणवेश असो की लग्नातल्या आहेराचा टॉवेल, भरतकामासाठी लोगो येतो तो व्हॉट्सॲपवरूनच, तोही नखाएवढा. तो तसाच इंकस्केप या रेखाचित्रांच्या प्रोग्रॅममध्ये टाकून ट्रेस केला, म्हणजे चित्रावरून रेषांचे आकार बनवून घेतले, की कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. दोष ट्रेसिंगचा नसतो. जेपीजीत रंगाच्या कडेला जी धूसर भुकटी असते, तिचेही आकार बनतात.

म्हणून आधी चित्र साफ करा. गिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये ते चौपट मोठं करा, अगदी हलका गॉशियन ब्लर (कडा मऊ करणारा धूसरपणा) द्या आणि थ्रेशोल्ड लावून निव्वळ काळं-पांढरं करा. कष्टाचं काम एवढंच, पण निम्मी लढाई इथेच जिंकता.

मग इंकस्केपमध्ये चित्र निवडून पाथ मेनूतलं ट्रेस बिटमॅप उघडा आणि ब्राइटनेस कटऑफ (गडद-फिक्यावरून आकार काढणारा पर्याय) निवडा. स्पेकल्स वाढवलं की बारीक ठिपके गळतात, पण जपून, नाहीतर 'शिं'वरचा अनुस्वारही त्यातच जातो! माझ्या हातून एका शाळेच्या नावातला असाच गेला होता आणि तो थेट भरतकाम झाल्यावर दिसला. तेव्हापासून अक्षरं मी ट्रेस करतच नाही, जुळणारा फॉन्ट शोधून नव्याने टाइप करते.

ट्रेस झालेला आकार मूळ चित्राच्या बरोबर वर बसतो. तो बाजूला ओढा आणि खालचं चित्र डिलीट करा. नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, फार वाटले तर ते कमी करायला कंट्रोल-एल एकदाच दाबा. पुन्हा पुन्हा दाबलंत तर चौकोनाचे कोपरे गोल होतात.

फोटोसारखी रंगछटांची चित्रं मात्र या वाटेला नेऊ नका.