जोखीम-मूल्यांकनाचा मसुदा परत आला तेव्हा

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एका खाणीवरच्या खनिजाच्या ढिगांचे मोजमाप आम्ही ड्रोनने करतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात (हवाई नकाशावर हिरव्या रंगाने दाखवलेल्या भागात) ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही, एवढ्यावर आम्ही निश्चिंत होतो. परंतु एका ग्राहकाने युरोपात रूढ असलेल्या ‘सोरा’ पद्धतीचे जोखीम-मूल्यांकन मागितले आणि माझा पहिलाच मसुदा परत आला.

चूक लोकसंख्येच्या घनतेत होती. मी अख्ख्या तालुक्याची सरासरी धरली होती, तर ही पद्धत ड्रोन जिथे कोसळू शकतो नेमक्या त्या जमिनीवरची माणसे विचारात घ्यायला लावते. म्हणून उड्डाणक्षेत्राभोवती, सोप्या नियमाप्रमाणे कमाल उंचीइतक्या रुंदीचा, राखीव पट्टा नकाशावर आखला, तेव्हा १०० मीटर उंचीला तो थेट खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकांच्या रस्त्यावर आणि पलीकडच्या वाड्यावरील घरांवर जात असल्याचे दिसले. उंची ६० मीटरवर आणल्याने घरे पट्ट्याबाहेर गेली. छायाचित्रांची संख्या आणि बॅटऱ्यांचा खर्च मात्र वाढला, हे मान्य केले पाहिजे. रस्त्यासाठी टिपर सुरू होण्यापूर्वीची पहाटेनंतरची वेळ ठरवली आणि जत्रेच्या दिवसांत उड्डाण बंद ठेवले.

पॅराशूट असल्याचा उल्लेख मी मोठ्या विश्वासाने केला होता. तोही काढावा लागला, कारण ते खरोखर उघडते याचा चाचणी-पुरावा आमच्यापाशी नव्हता, आणि पुराव्याविना जोखमीच्या हिशेबात सवलत मिळत नाही. दुसरा मसुदा स्वीकारला गेला.