कोकणात मुक्काम ठरवताना शौचालयाची चौकशी
गुहागर, मालवण किंवा वेंगुर्ल्याकडे घरगुती निवासात उतरायचे असेल आणि सोबत चालण्यास त्रास होणारी व्यक्ती असेल, तर 'कमोड आहे का' एवढ्यावर चौकशी थांबवू नये. कमोड आता बहुतेक ठिकाणी असतो, अडचण असते ती त्याच्यापर्यंत पोहोचण्याची. शौचालय परसदारी असल्यास वाटेत जांभ्याच्या किती पायऱ्या आहेत, पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते का आणि रात्री दिवा असतो का, हे विचारावे. व्हीलचेअरसाठी दाराची मोकळी रुंदी शक्यतो ९० सेंटीमीटर आणि आत वळण्यास सुमारे दीड मीटर व्यासाची जागा लागते, म्हणून यजमानांना टेप लावून माप घेण्याची विनंती करावी. 'मोठं आहे हो' या उत्तरावर (ते मनापासून दिलेले असले तरी) विसंबू नये. दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार त्याच्या अंगालाच अडते. उंबरठ्याचा आणि फरशीचा फोटो आधीच मागवावा. आधाराची दांडी मात्र पोहोचल्यावर स्वतः ओढून पाहावी, कारण खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू लवकर गंजतात. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे.